प्रकल्प नोंदी: यकृताचा कर्करोग, पेशीतले संकेत आणि आरएनएवरच्या खुणा

३ जून

काम ठरलं. यकृताच्या कर्करोगात पेशीतले संकेत आणि आरएनएवरचे रासायनिक बदल एकमेकांना कसे ढकलतात, याचा एक नकाशा काढायचा. स्वतः प्रयोग करायचे नाहीत. छापून आलेलं वाचायचं, प्रत्येक दाव्याचा एक बाण काढायचा आणि बाणाशेजारी लिहायचं: पेशी कोणत्या, कशाने मोजलं, प्राण्यात तपासलं का, दुसऱ्या कुठल्या गटाला तेच दिसलं का. मॅडमची अट एकच, "जामीन नसलेला बाण नकाशात नको."

व्याप्ती हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमापुरती, म्हणजे खुद्द यकृतपेशींतून उठणारा कर्करोग. यकृतात सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के हाच असतो. पित्तनलिकांचा कर्करोग बाजूला ठेवला. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू. दोन आकड्यांत इतकं कमी अंतर असणं पुरेसं बोलकं आहे.

हा विषय का, तेही लिहून ठेवते. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरचं, म्हणजे वाढीचा संकेत झेलणाऱ्या रिसेप्टरचं (पेशीवरच्या ग्राहक-प्रथिनाचं), जनुक बिघडलेलं सापडलं तर त्याच्यावर नेमकं बसणारं औषध देता येतं. यकृतात वारंवार सापडणारे बिघाड म्हणजे टर्ट जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग), पी५३ या गाठी रोखणाऱ्या प्रथिनाचं जनुक टीपी५३ आणि बीटा-कॅटेनिनचं जनुक. यांपैकी एकावरही थेट बसणारं औषध या आजारात रूढ नाही. जी औषधं आहेत ती आजूबाजूच्या संकेतमार्गांवर काम करतात, आणि ते मार्ग इथे पुष्कळदा जनुक न बदलताच बेताल होतात. रिसेप्टर तोच, फक्त जास्त. लगाम घालणारं प्रथिन तेच, फक्त कमी. हे जास्त-कमी होण्याचा एक रस्ता आरएनएतून जातो.

६ जून

जुनं वाचन. १९७४ चा डेरोझियर्स, फ्रिडरिची आणि रॉटमन यांचा लेख. संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे जनुकातला प्रथिनाचा मजकूर वाहून नेणाऱ्या एमआरएनएवर, एम६ए ही खूण (मिथिल हा छोटा रासायनिक गट) असल्याच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक, आणि त्यांनी वापरलेल्या पेशी नोविकॉफ हिपॅटोमाच्या, म्हणजे उंदराच्या यकृतातल्या गाठीच्या. कर्करोग हा त्यांचा विषय नव्हताच. त्यांना एमआरएनएवर मिथिल गट असतात का, एवढंच पाहायचं होतं.

मग बराच काळ सामसूम. २०११ मध्ये एफटीओ हे विकर ही खूण पुसू शकतं असं दिसलं आणि विषय जागा झाला. पुसता येतं म्हणजे नियंत्रण असणार, असा सगळ्यांनी कयास बांधला. २०१२ मध्ये दोन गटांनी खुणांचा पूर्ण आराखडा काढला. त्यातल्या गिडियन रेखावी यांच्या गटाने हेपजी२ या यकृताच्या गाठीतल्या पेशी घेतल्या होत्या आणि ७ हजारांहून अधिक जनुकांच्या आरएनएवर १२ हजारांहून अधिक जागा दाखवल्या.

त्या लेखातला एक भाग आमच्या नकाशाला थेट लागू आहे. त्यांनी याच पेशींना यकृतपेशी-वाढ घटक एचजीएफ दिला, इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारसंस्थेचं संकेत-प्रथिन दिलं, अतिनील किरण आणि उष्णतेचा ताणही दिला. बहुतेक खुणा जागच्या जागी राहिल्या, थोड्याच हलल्या. संकेत आला की अख्खा आराखडा पालटतो, असं चित्र नंतरच्या कित्येक लेखांतून मनात बसतं. पहिल्याच मोठ्या प्रयोगाने ते तसं दाखवलेलं नाही.

९ जून

नकाशाची पात्रं मांडली. अ‍ॅडेनोसिनच्या सहाव्या जागेवरच्या नायट्रोजनला एक मिथिल गट लागतो, तो एम६ए. अक्षर बदलत नाही, प्रथिनाचा क्रम बदलत नाही. ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढावी तसं आहे: मजकूर तोच, वाचणारा मात्र त्या ओळीशी वेगळं वागतो.

रेघ ओढणारा संच मेट्टल-३ आणि मेट्टल-१४ या जोडीचा, सोबत डब्ल्यूटीएपी, विरमा आणि इतर मदतनीस. पुसणारे दोन, एफटीओ आणि एएलकेबीएच५. वाचणारे बरेच: वायटीएचडीएफ१, २ आणि ३, केंद्रकातलं वायटीएचडीसी१, शिवाय आयजीएफ२बीपी कुटुंब. ढोबळमानाने वायटीएचडीएफ२ ने वाचलं की आरएनए लवकर मोडतो आणि आयजीएफ२बीपीने वाचलं की टिकतो. एकाच खुणेचे दोन उलटे परिणाम हे लक्षात ठेवायचं, पुढे लागणार आहे.

१३ जून

दिवसभर दोन लेख समोरासमोर ठेवून बसले.

पहिला २०१७ चा, हिपॅटॉलॉजी या नियतकालिकातला. यकृताच्या गाठींत मेट्टल-१४ कमी झालेलं. ते कमी झाल्याने सूक्ष्म-आरएनए-१२६ (इतर आरएनएंना आवरणारा छोटा आरएनए) च्या कच्च्या रूपावर खूण नीट पडत नाही, ते कापायला मदत करणाऱ्या डीजीसीआर८ प्रथिनाला ते ओळखता येत नाही, पक्कं सूक्ष्म-आरएनए कमी बनतं आणि पेशी जास्त पसरतात. निष्कर्ष: मेट्टल-१४ गाठीला आवरतं.

दुसरा २०१८ चा, त्याच नियतकालिकातला. गाठींत मेट्टल-३ वाढलेलं. ते सॉक्स२ (एसओसीएस२) च्या आरएनएवर खूण करतं, वायटीएचडीएफ२ ती वाचतं, आरएनए मोडतो. सॉक्स२ हे संकेताला लगाम घालणारं प्रथिन, ते घटलं की पेशी जोमाने वाढतात. निष्कर्ष: मेट्टल-३ गाठीला पोसतं.

पंचाईत अशी की हे दोघं एकाच यंत्राचे अर्धे भाग आहेत. २०१६ मध्ये त्यांची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा स्पष्ट झालं की मिथिल लावण्याचं काम मेट्टल-३ करतं, तर मेट्टल-१४ आरएनए धरून ठेवतं आणि जोडीला स्थिर करतं. मग अर्धं यंत्र आवरणारं आणि अर्धं पोसणारं, हे कसं?

संध्याकाळी मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही लेखांचे सारांश वाचले आणि विचारलं, "दोघं एकच गोष्ट मोजतायत का?" नाहीत. एकात मुख्य प्रश्न पसरण्याचा आहे, दुसऱ्यात वाढीचा. एकात लक्ष्य कच्चं सूक्ष्म-आरएनए, दुसऱ्यात एमआरएनए. "मग भांडण कुठाय?" त्या म्हणाल्या. "भांडण तू लावतेयस, कारण तुला पात्राला लाल किंवा हिरवा रंग द्यायचाय."

बरोबर आहे. लेखांच्या शीर्षकांत मात्र अमुक विकर गाठीला 'चालना देतं' किंवा 'दाबतं' असंच असतं, आणि परीक्षणलेखांतल्या तक्त्यांत तेच दोन रकान्यांत उतरतं. आम्ही पात्रांना रंग देणार नाही असं ठरलं. रंग फक्त बाणाला, आणि बाणावर आरएनएचं नाव सक्तीचं. नुसता "मेट्टल-३ ते वाढ" असा बाण नको. "मेट्टल-३, सॉक्स२ चा आरएनए, वायटीएचडीएफ२ मार्फत" असा पूर्ण हवा.

१४ जून

कालच्या निर्णयाला उंदरांचा दुजोरा. निरोगी उंदराच्या यकृतपेशींतून मेट्टल-३ काढून टाकलं तर यकृत सुदृढ राहत नाही. ते बिघडतं, पेशींची केंद्रकं आणि गुणसूत्रांची पटही (त्यांच्या संचांची संख्या) वेडीवाकडी होते. गाठीला पोसणारं म्हणून बदनाम झालेलं विकर निरोगी यकृतालाही लागतं.

१८ जून

पेशींचा रकाना भरायला घेतला आणि तिथेच अडकले. हा रकाना सगळ्यात कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं.

एम६ए आणि यकृताच्या कर्करोगावरच्या लेखांत एसएमएमसी-७७२१ आणि बेल-७४०२ ही नावं सतत येतात. डीएनएच्या ठशांवरून या दोन्ही सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी) प्रत्यक्षात हेला असल्याचं सिद्ध झालेलं आहे. हेला म्हणजे १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी. तुलनेसाठी 'निरोगी यकृतपेशी' म्हणून वापरली जाणारी एल-०२ हीसुद्धा हेलाच. म्हणजे काही आकृत्यांत कर्करोगी स्तंभही हेला आणि निरोगी स्तंभही हेला, आणि त्यांच्यात ठळक फरक.

हा नुसता लेबलचा प्रश्न असता तर चाललं असतं. हेलात मानवी पॅपिलोमा विषाणू-१८ चं ई६ प्रथिन पी५३ ला सतत मोडत असतं. पी५३ चा जिथे जिथे संबंध येतो तिथले संकेत यकृतातल्यासारखे असण्याचं कारणच नाही. यकृतपेशींची स्वतःची चयापचयाची घडण तर तिथे नसतेच.

हेपजी२ चं प्रकरण वेगळं. ती खरोखर यकृताची, पण एका १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतली, आणि २००९ पासून ती हिपॅटोब्लास्टोमा, म्हणजे बालवयातली गाठ, मानली जाते. तिच्यात बीटा-कॅटेनिनचा अमिनो आम्ल २५ ते १४० हा तुकडाच गळालेला आहे. याच तुकड्यात ते प्रथिन मोडण्यासाठी लागणाऱ्या फॉस्फेटच्या जागा असतात. त्या नसल्याने बीटा-कॅटेनिनमार्फत चालणारा विंट हा वाढीचा संकेत कायम चालू. शिवाय एनरास जनुकात बदल, त्यामुळे ईआरके हा पेशीवाढीचा मार्गही चेतलेला. अशा पेशीत "एम६ए मुळे विंट वाढला" म्हणायचं तर फार जपून म्हणावं लागेल.

हुह७ मध्ये पी५३ चा वाय२२०सी बदल. हेप३बी मध्ये पी५३ नाहीच, हिपॅटायटिस बी विषाणूचे तुकडे मात्र आहेत. पीएलसी/पीआरएफ/५ मध्ये पी५३ चा आर२४९एस, जो अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाशी जोडला जातो. ही माहिती वेगळ्या पानावर लिहून भिंतीला लावली.

नियम: फक्त हेला-वंशाच्या पेशींवर उभा असलेला बाण नकाशातून बाद. हेपजी२ चा बाण राहील, पण विंट किंवा ईआरकेशी संबंध असेल तर तुटक रेषेने. यामुळे नकाशातला बराच भाग मोकळा झाला. आमच्यातला आकडेमोड सांभाळणारा मित्र म्हणाला, "इतकं गाळलंस तर उरणार काय?" जे उरेल ते.

२४ जून

मोजण्याच्या पद्धतींचा रकाना. यातही बरीच चाळण.

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे सगळा आरएनए कागदावर थेंबाने टाकायचा आणि एम६ए ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने डाग बघायचा. 'गाठींत एम६ए वाढलं' किंवा 'घटलं' असे दावे पुष्कळदा यावर उभे असतात. पण पेशीतल्या एकूण आरएनएचा सुमारे ८० टक्के भाग रायबोसोमचा (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा) असतो, आणि त्यावरही एम६ए असतं: त्यातल्या १८एस आरएनएवर १८३२ व्या जागी मेट्टल-५ लावतं, २८एस आरएनएवर ४२२० व्या जागी झेडसीसीएचसी४ लावतं. या दोन्हींचा मेट्टल-३ शी संबंध नाही. एमआरएनए वेगळा न काढता एकूण डाग मोजला तर त्यात रायबोसोमचीच गर्दी. गंमत म्हणजे झेडसीसीएचसी४ स्वतः यकृताच्या गाठींत वाढलेलं आढळलं आहे. तेव्हा डाग गडद होण्यामागे तेही असू शकतं.

आरएनएचे तुकडे करून प्रतिपिंडाने ओढायचे आणि वाचायचे ही पद्धत जास्त माहिती देते, पण तिचीही मर्यादा आहे. २०२० मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले गेले तेव्हा एकाच प्रकारच्या पेशींतही दोन अभ्यासांच्या जागा साधारण ३० ते ६० टक्केच जुळल्या. त्यामुळे 'गाठीत शेकडो जागा बदलल्या' या वाक्यातल्या बदलाचा बराच वाटा पद्धतीचाच असू शकतो. ग्लोरीसारख्या नव्या पद्धतीत प्रतिपिंड लागत नाही. त्यात खूण नसलेली अ‍ॅडेनोसिन रसायनाने इनोसिन केली जातात आणि खूण असलेली तशीच उरतात, त्यामुळे प्रत्येक जागी किती टक्के रेणूंवर खूण आहे ते कळतं. यकृताच्या गाठींवर असं काम पुरेसं झालं की आमच्या नकाशातले निम्मे वाद मिटतील असा माझा अंदाज.

२५ जून

रुग्णांच्या नमुन्यांबद्दल एकच टीप. टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुकीय प्रकल्पाच्या यकृत संग्रहात ३७१ गाठी आणि ५० शेजारच्या ऊतींचे नमुने आहेत. शेजारची ऊती म्हणजे निरोगी नव्हे. तिथे सिरॉसिस किंवा विषाणूचा संसर्ग असू शकतो. 'निरोगीच्या तुलनेत' हे शब्द नकाशात कुठेही नकोत, 'शेजारच्या ऊतीच्या तुलनेत' लिहायचं.

१ जुलै

आता खरा गाभा. आतापर्यंत खुणेकडून संकेताकडे जाणारे बाण होते. आज उलट दिशेचे: संकेत आले की खूण लावणाऱ्या यंत्राचं काय होतं?

ईआरकेचा पुरावा सर्वांत स्पष्ट. २०२० मधल्या कामात दिसलं की ईआरके मेट्टल-३ वर तीन ठिकाणी (सेरिन ४३, ५० आणि ५२५) आणि डब्ल्यूटीएपीवर दोन ठिकाणी फॉस्फेट लावतो. त्यानंतर यूएसपी५ हे विकर मेट्टल-३ वरची मोडण्याची चिठ्ठी काढून टाकतं आणि ते टिकतं. ईआरके जोरात, म्हणजे मेट्टल-३ जास्त, म्हणजे खुणा जास्त. मूळ काम यकृतावरचं नाही, म्हणून बाण तुटक. पण यात पटण्यासारखं काय आहे? मेट्टल-३ चा आरएनए न वाढताही प्रथिन वाढू शकतं, हे. नुसता आरएनए मोजणाऱ्या संग्रहांत ही वाढ दिसणारच नाही.

एमटॉर या पोषण जोखून वाढ चालवणाऱ्या विकराचा रस्ता निराळा. २०२१ मध्ये दोन गटांनी दाखवलं की एमटॉर संकुल-१ चेतलं की डब्ल्यूटीएपी जास्त बनतं, आणि शिवाय मिथिल गट पुरवणारा रेणू एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन, म्हणजे सॅम, याचं उत्पादन मॅट२ए या जनुकामार्फत वाढतं. यंत्रही वाढवायचं आणि कच्चा मालही.

यकृतात मात्र या दुसऱ्या बाणाला मोठा फाटा आहे, त्यासाठी वेगळी नोंद करते.

३ जुलै

सॅम आणि यकृत. शरीरातला सॅम सर्वांत जास्त यकृतात बनतो आणि निरोगी यकृतपेशी त्यासाठी मॅट१ए वापरतात. गाठ होताना मॅट१ए मागे पडतं आणि मॅट२ए पुढे येतं. वरवर पाहता सॅम वाढायला हवा. पण मॅट२ए पासून बनणाऱ्या विकराला स्वतःचाच माल आवरतो: सॅम साचला की त्याचा वेग घटतो. मॅट१ए चं तसं होत नाही. त्यामुळे अदलाबदलीनंतर पेशीतला सॅम एकंदरीत कमीच राहतो. मॅट१ए नसलेल्या उंदरांत तर यकृताचा कर्करोग आपोआप होतो.

म्हणजे "एमटॉर चेतला, सॅम वाढला, एम६ए वाढलं" हा इतर पेशींतला सरळ बाण यकृतात तसाच उचलून ठेवता येत नाही. इथे सुरुवातीचा साठाच वेगळा, विकर वेगळं. मॅडमना दाखवलं. त्यांनी बाण खोडला नाही, त्याच्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. तसंच ठेवलं आहे.

८ जुलै

वायटीएचडीएफ२ आणि ईजीएफआर. नकाशातला मला सर्वांत आवडलेला कोपरा.

२०१९ चं काम: गाठीत ऑक्सिजन कमी पडला की वायटीएचडीएफ२ घटतं. ते एरवी ईजीएफआरच्या आरएनएवरची खूण वाचून तो मोडत असतं. वाचणारा कमी झाला, आरएनए टिकला, रिसेप्टर वाढला, ईआरके मार्ग तापला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कामात वायटीएचडीएफ२ घटल्याने इंटरल्यूकिन-११ आणि सर्पाइन-ई२ यांचे आरएनए टिकतात, जळजळ वाढते आणि गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होतात असं दिसलं. एचआयएफ-२-अल्फाला (ऑक्सिजन घटल्यावर जागं होणाऱ्या प्रथिनाला) रोखणारं औषध दिल्यावर वायटीएचडीएफ२ सावरलं. दोन स्वतंत्र कामं, ऑक्सिजनचा तोच धागा. हा बाण अखंड रेषेने काढला.

लगेच २०२० चं तिसरं काम आठवलं: वायटीएचडीएफ२ हे ऑक्ट४ च्या आरएनएवरून प्रथिन बनण्यास मदत करतं आणि कर्करोगी मूळपेशींसारखे गुण वाढवतं. पुन्हा तोच पेच, आणि १३ जूनचा नियम इथेही लागतो. ईजीएफआरचा आरएनए समोर असेल तर एक परिणाम, ऑक्ट४ चा असेल तर दुसरा. दोन्ही बाण ठेवले, दोन रंगांत.

आता यातला उपयोगाचा भाग. लेन्व्हॅटिनिब हे यकृताच्या कर्करोगावरचं औषध एफजीएफआर हा वाढीचा रिसेप्टर रोखतं. २०२१ च्या नेचरमधल्या कामानुसार तसं केलं की पेशी ईजीएफआर चेतवून वाट काढतात. लेन्व्हॅटिनिबला दाद न देणाऱ्या १२ रुग्णांना सोबत ईजीएफआर रोखणारं जेफिटिनिब दिल्यावर काहींना उतार पडला. मग प्रश्न असा: ज्या गाठीत ऑक्सिजन कमी आहे आणि वायटीएचडीएफ२ आधीच घटलेलं आहे, तिथे ईजीएफआरचा साठा सुरुवातीपासूनच मोठा असेल का? औषध सुरू होण्याआधीच पळवाट तयार? या दोन कामांना जोडणारा बाण अजून कुणाच्या जामिनाचा नाही, त्यामुळे तो नकाशात नाही. पण समासात लिहून ठेवला.

१० जुलै

ईआरके वायटीएचडीएफ२ वरही फॉस्फेट लावून त्याला टिकवतो. हे ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या गाठीत, दाखवलेलं आहे. तेच यकृतात होत असेल तर चित्र रोचक होतं. ईजीएफआर चेतला, ईआरके चेतला, वायटीएचडीएफ२ टिकलं, ईजीएफआरचा आरएनए मोडला. म्हणजे हा संकेत स्वतःलाच आवरतो. ऑक्सिजन घटला की नेमका हाच आवर निघून जातो. तुटक रेषा, पण जाड.

१५ जुलै

सॉक्स२ चा बाण पुन्हा उघडला. लगाम घालणारं प्रथिन म्हटलं की हात आपसूक इंटरल्यूकिन-६ हा जळजळीचा संकेत आणि तो केंद्रकात पोचवणारं स्टॅट३ यांच्याकडे जातो, कारण यकृताच्या कर्करोगात ती जोडी प्रसिद्ध. पण इंटरल्यूकिन-६ चा लगाम मुख्यतः सॉक्स३ कडे आहे. सॉक्स२ चं ठळक काम वाढ-संप्रेरकाच्या रिसेप्टरला आवरण्याचं. सॉक्स२ नसलेले उंदीर आकाराने अवाढव्य होतात. तिथून पुढचा संकेत जातो स्टॅट५ कडे. आणि स्टॅट५ यकृतात नुसता खलनायक नाही. उंदराच्या यकृतातून तो काढला तर चरबी साचते आणि काही प्रारूपांत गाठी वाढतात.

म्हणून बाण सॉक्स२ पाशीच थांबवला. पुढे 'जॅक-स्टॅट चेतला' असं मोघम लिहिण्याऐवजी रिकामी चौकट. आकडेमोडवाल्या मित्राला ही रिकामी चौकट खुपते. त्याच्या मते बघणाऱ्याला अपूर्ण वाटेल. अपूर्णच आहे.

२२ जुलै

खूण नेमकी कुठे पडते? २०१२ पासून दिसतंय की थांबा-कोडॉनच्या (प्रथिनाचा मजकूर संपतो त्या जागेच्या) आसपास आणि लांब एक्झॉनांत (जोडून पक्का आरएनए बनतो त्या तुकड्यांत) जास्त. २०२२-२३ मध्ये तीन गटांनी कारण दिलं: एक्झॉन जिथे जोडले जातात तिथे बसणारं प्रथिन-संकुल शेजारची जागा अडवतं, त्यामुळे खूण लावणारं यंत्र तिथे पोचत नाही. लांब एक्झॉनच्या मध्यात अडथळा नाही, म्हणून तिथे खूण. म्हणजे कुठल्या आरएनएवर खूण पडणार हे बऱ्याच अंशी जनुकाच्या ठेवणीनेच ठरतं.

याचा आमच्यावर परिणाम मोठा आहे. 'मेट्टल-३ सॉक्स२ ला निवडतं' अशी भाषा आता जपून वापरायची. निवड बहुधा खुणेच्या वेळी होत नाही. ती नंतर होते, कोणता वाचणारा किती आहे आणि त्या वेळी तो आरएनए किती बनतोय यावर. आणि वाचणाऱ्यांचं प्रमाण संकेत ठरवतात, ऑक्सिजन ठरवतो. ८ जुलैचा कोपरा मला आवडला तो का, ते आज कळलं. नकाशाच्या मध्यभागी मेट्टल-३ होतं. ते उचलून वरच्या कोपऱ्यात नेलं आणि मध्यभागी वाचणारे आणले.

मॅडमनी बदल बघितला. "हं. आता बघावंसं वाटतंय," एवढंच.

२४ जुलै

एम६ए सोडून इतर बदल, थोडक्यात. अ‍ॅडेनोसिनचं इनोसिन होण्याचं अझिन१ या प्रथिनाचं उदाहरण पक्कं आहे. २०१३ मध्ये यकृताच्या गाठींत दिसलं की आडार१ या विकरामुळे त्याच्या आरएनएत बदल होऊन प्रथिनात ३६७ व्या जागी सेरिनऐवजी ग्लायसिन येतं. बदललेलं अझिन१ अँटिझाइमला (इतर प्रथिनं मोडायला लावणाऱ्या प्रथिनाला) घट्ट धरतं, त्यामुळे ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज आणि सायक्लिन-डी१ ही वाढीला लागणारी प्रथिनं मोडण्यापासून वाचतात आणि पेशी वाढतात. इथे आरएनएवरच्या बदलाने प्रथिनाचा क्रमच बदलतो, म्हणून हे वेगळ्या चौकटीत. टीआरएनएवर (अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएवर) मेट्टल-१ लावतं त्या एम७जी खुणेचं काम २०२१ चं, त्याला एक ओळ पुरे.

३० जुलै

औषधांची पट्टी. खाली सोराफेनिब: २००८ च्या शार्प चाचणीत निम्मे रुग्ण जगण्याचा काळ (मध्यक) औषधाविना ७.९ महिने, औषधाने १०.७ महिने. पहिल्या पसंतीचं औषध आता ते राहिलेलं नाही, पण प्रयोगशाळेतले प्रतिकाराचे अभ्यास बहुतेक त्याच्यावरच आहेत.

२०२० मध्ये सोराफेनिबला न जुमानणाऱ्या गाठींत मेट्टल-३ घटलेलं दिसलं. ऑक्सिजन कमी असताना ते घटलं की फॉक्सओ३ या प्रथिनाच्या आरएनएवरची खूण जाते, तो टिकत नाही, पेशीत स्वभक्षण (स्वतःचेच भाग पचवणं) वाढतं आणि औषध निष्प्रभ होतं.

हे लिहितानाच धाकट्या विद्यार्थ्याने विचारलं, "ताई, मग मेट्टल-३ रोखणारं औषध यकृतात द्यायचं की नाही?" चांगला प्रश्न. असे रेणू आहेत. एसटीएम२४५७ ने २०२१ मध्ये उंदरांत रक्ताच्या कर्करोगावर परिणाम दाखवला, आणि त्याच वाटेवरचा एसटीसी-१५ हा २०२२ पासून माणसांतल्या चाचण्यांत आहे. पण सॉक्स२ चा बाण म्हणतो द्या, फॉक्सओ३ चा म्हणतो सोराफेनिबसोबत देऊ नका, आणि सिरॉसिसने खंगलेल्या यकृतातल्या उरल्यासुरल्या निरोगी पेशींना मेट्टल-३ लागतं हे १४ जूनला लिहिलेलंच आहे. त्याला तिन्ही बाण दाखवले आणि उत्तर त्यालाच लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं: "आधी गाठीत ऑक्सिजन किती आणि कोणते वाचणारे आहेत ते बघावं." पट्टीखाली तेच वाक्य ठेवतोय.

५ ऑगस्ट

नकाशाची पहिली आवृत्ती गटाला पाठवली. अखंड बाण मोजके, तुटक पुष्कळ, रिकामी चौकट एक, प्रश्नचिन्ह एक.

बैठकीत ठरलं की १० जुलैचा तुटक बाण शेजारच्या प्रयोगशाळेकडे तपासायला द्यायचा. कच्चा आराखडा असा. हुह७ आणि पीएलसी/पीआरएफ/५ पेशी, एकदा नेहमीच्या हवेत आणि एकदा १ टक्का ऑक्सिजनमध्ये. ईजीएफ (ईजीएफआरला चेतवणारं प्रथिन) देऊन आणि न देऊन, एमईके (ईआरकेला चेतवणारं विकर) रोखून आणि न रोखता. नवं प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड देऊन वायटीएचडीएफ२ किती वेळ टिकतं ते पाहायचं, नवा आरएनए बनणं थांबवणारं अ‍ॅक्टिनोमायसिन-डी देऊन ईजीएफआरचा आरएनए किती वेळ टिकतो ते. फॉस्फेटची जागा बदललेलं वायटीएचडीएफ२ परत घालून तोच प्रयोग पुन्हा. हेपजी२ घ्यायची नाही, एनरासमुळे तिचा ईआरके आधीच चेतलेला असतो आणि ईजीएफ देण्या-न देण्यातला फरक दबून जाईल. सुरू करण्याआधी दोन्ही सेल लाइनचे डीएनए ठसे तपासून घ्यायचे, हे मी आराखड्याच्या पहिल्या ओळीत टाकलंय.